प्रसाददादाच्या किल्लीची मुदत

काकीचा फोन आला तेव्हा मी परळच्या ऑफिसात होते. "गो, प्रसाद उठत नाय..." एवढंच ती म्हणाली. मी "येते" म्हटलं, उघडं काम सेव्ह केलं, खुर्ची आत सरकवली आणि निघाले. त्या नीटपणाची मला अजून भीती वाटते.

दादा माझा चुलतभाऊ. डिलाईल रोडच्या चाळीत काकीबरोबर राहायचा. नोकरी सांभाळून दादर-गिरगावातल्या काही लहान वाचनालयांना पुस्तकांच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर फुकट करून द्यायचा. त्यात सुधारणा पाठवताना तो आपल्या डिजिटल किल्लीने सही करी. वाचनालयातला कॉम्प्युटर ती सही ओळखून मगच सुधारणा आत घेई. किल्लीची मुदत वर्षाची. काका गिरणीत होते तेव्हा खंडेनवमीला मागाला हार घालायचे, म्हणून दादा त्याच दिवशी कीबोर्डवर झेंडूचं फूल ठेवून मुदत वाढवायचा. "हळद नको लावूस," काकी ओरडायची, "मागच्या वर्षी बटण अडकला."

मलाही त्याने एक किल्ली करायला लावली होती. ती माझीच आहे हे पटवायला तिचा आकडे आणि अक्षरांचा लांबलचक नंबर समोरासमोर, मोठ्याने वाचायचा, हा त्याचा नियम. इंग्रजी अक्षरं ऐकताना गडबड होते म्हणून त्याने स्टेशनं लावली होती. ए अंधेरी, बी भायखळा, सी चर्नी रोड, डी दादर, ई एल्फिन्स्टन. एफला स्टेशन सुचेना, म्हणून फलाट. मी गॅलरीत पुटपुटत होते तर शेजारचे सावंतकाका म्हणाले, "काय रे प्रसाद, बहिणीला अनाउन्सर करतोस काय? आवाज तरी काढ म्हणावं!"

"एल्फिन्स्टनचं प्रभादेवी झालं ना?" मी विषय बदलला.

"स्टेशनचं झालं. आपलं नाही."

तो नवरात्राच्या तोंडावर गेला. सुतकातच खंडेनवमी आली आणि गेली. कीबोर्डकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. मग दादरच्या वाचनालयातून सामंतबाईंचा फोन आला. "अगं, कॉम्प्युटर नवं काही घेत नाही. पडद्यावर प्रसादचं नाव येतंय. मला बघवत नाही." मी जाऊन पाहिलं. सही केलेल्या किल्लीची मुदत संपली आहे, असं लिहिलं होतं आणि पुढे त्याचं पूर्ण नाव. मुदत वाढवायला त्याचा पासवर्ड हवा. तो त्याने कोणालाच सांगितला नव्हता.

ऑफिसातला एकजण म्हणाला, "तपासणीच बंद कर ना, एका ओळीचं काम." दादा असता तर म्हणाला असता, दार उघडंच टाकलंस तर घरचा कोण, परका कोण? उपाय एकच होता. त्याच्या किल्लीच्या जागी माझी. म्हणजे पडद्यावरून त्याचं नाव जाणार... मी "बघते, बघते" म्हणत राहिले. तिकडे सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळे परत आलेली पुस्तकं पडद्यावर अजून बाहेरच दिसत होती, आणि दुरुस्ती आत जात नव्हती. वाचक बाईंशी भांडू लागले. "मी परत दिलंय हो," जो तो सांगायचा.

शेवटी गेले. काउंटरपाशी उभी राहून दादाच्या नियमाप्रमाणे माझा नंबर वाचू लागले. "डी दादर, सात, नऊ, ई..."

सामंतबाईंनी नंबर उतरवत असलेल्या कागदावरून मान वर केली नाही. "एल्फिन्स्टन," त्या म्हणाल्या. "हं, पुढे?"

सगळा नंबर झाला. दादाची किल्ली काढली, माझी लावली. पडद्यावरही पुस्तकं कपाटात परतली.

नवं काम मी इंटरनेटवर नव्या पत्त्यावर ठेवलं. जुन्या पत्त्यावर त्याच्या सहीचं शेवटचं काम तसंच राहू दिलं आहे. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरला तेवढाच पत्ता ठाऊक. काकी संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की तो कॉम्प्युटरही चालू करते. थोड्या वेळाने पडद्यावर वाचनालयातली तीच ओळ येते. काकीला इंग्रजी वाचता येत नाही, पण त्याचं नाव ती ओळखते. परवा कीबोर्डवर ताजा झेंडू होता.

"ह्या काय सांगता गो रोज?" तिने विचारलं.

"सही दादाचीच आहे, म्हणतंय."

ते खरंच होतं. मुदतीचं मी काही बोलले नाही.