खांदा हलवणारे गृहस्थ

खेडहून दापोलीच्या एसटीत मला डुलकी लागली की शेजारचे म्हातारे गृहस्थ खांदा हलवून उठवायचे. "बरा आहेस ना रे?" रोज तेच. एकदा मी चिडलोच.

"गुरांच्या दवाखान्यात जन्म गेला माझा," ते चष्मा पुसत म्हणाले. "भूल दिलेला बैल मान टाकतो ना, तसाच माझा मुलगा सापडला. गर्द ओढायचा. त्यात कुणीतरी जनावरांच्या गुंगीचं औषध मिसळलेलं. गर्दावर उतारा असतो, याच्यावर नाही. मित्रांना वाटलं, झोपलाय. हलवून बघितलं नाही कुणी. सकाळपर्यंत गेला होता."

पुढे ते यायचेच थांबले. आता मी वाटभर मुद्दाम डोळे मिटून बसतो. दापोलीला कंडक्टर उठवतो, पण बरा आहेस का, हे काही तो विचारत नाही.