पायवाटेशी विझलेला वणवा

आमच्या गावामागच्या डोंगरावर उन्हाळ्यात वणवा लागला आणि पायवाटेशी येऊन विझला. आता दसऱ्याच्या तोंडावर वाटेच्या जळल्या अंगाला निळी-पिवळी फुलं दाटली आहेत. न जळलेल्या अंगाला जुन्या वाळक्या गवताखालून एखादंच कसंबसं डोकावतंय.

“वणवा लागला तेच बरं झालं की!” मी बायकोला म्हणालो.

ती वाटेनं पुढं निघाली. पुढची टेकडी लोक नव्या चाऱ्यासाठी दरसाल पेटवतात. तिथं नुसतं कुसळी गवत होतं. फूल औषधालाही नव्हतं. एखाद्या वेळची आग बारक्या रोपांना ऊन मिळवून देते. दरसालची आग चिवट तेवढंच शिल्लक ठेवते.

घरी येऊन आम्ही पायरीवर कपड्यांत रुतलेली कुसळं काढत बसलो. फोन वाजला. लेकाचा होता.

“आज तरी रागवू नका हो त्याला,” ती म्हणाली. “रोज रोज नको.”