अपुऱ्या वहीचा समास

देवाचं खातं आमच्या घरात पत्नीकडे होतं. रोज आंघोळ झाली की ती चौकोन आखलेल्या वहीत ‘श्रीराम’ लिहायची, एका चौकोनात एक नाम. वही भरली की गंगेत सोडायची आणि नवी आणायची. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. माझी हयात नाशिक रोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये तपासणी खात्यात गेली. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या हेच काम, आणि देवाच्या कारभारात तर मला चुकाच चुका दिसायच्या. त्यामुळे पुढचं लिहिताना आजही जरा अवघडल्यासारखं होतं.

गेल्या वर्षी तिला पित्ताशयातल्या खड्यांचा त्रास सुरू झाला. ती टाळत होती, मीच हट्ट धरला. शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं. तासाभराचं काम, तिसऱ्या दिवशी घरी, असं सांगितलं होतं. सकाळी एका डॉक्टरांनी येऊन तिचे दात हलताहेत का, काही खाल्लंय का, हे विचारलं. मग तिने वही माझ्या हातात दिली. “अहो, आजचं पान तुम्ही लिहा. खंड पडायला नको. आणि सरळ लिहा, तुमच्या प्रेससारखं रजिस्टर करू नका.” तिचं हे शेवटचं सबंध वाक्य. मी नुसतं ‘बरं’ म्हटलं.

तिला आत नेलं, आणि ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून मी लिहू लागलो. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. प्रेसमध्ये हॉलमधून कोण गेलं, कोण आलं, काय वेगळं घडलं, ते वेळेसकट समासात लिहून सही करायची, अशी तीस वर्षांची सवय. नाम चौकोनात आणि नोंद समासात, असं माझं नकळत चाललं होतं. अर्धं पान झालं आणि आत धावपळ सुरू झाली. हात सवयीने लिहीत राहिला असेल, पण त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

अकराव्या दिवशी तिने डोळे उघडले आणि भिंतीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. बोलणं गेलं होतं, उजवा हात गेला होता. मेंदूला काही मिनिटं प्राणवायू मिळाला नाही, असं रुग्णालयातले म्हणाले. औषधाची रिअ‍ॅक्शन, लाखात एखाद्याला होते. रुग्णालयाने दिलेल्या कागदावरही तसंच होतं, आणि खाली ‘भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ उपस्थित’. नातेवाईक म्हणाले, देवाची इच्छा. मला त्यांचा संताप आला, पण मनातून मी स्वतःलाच गुन्हेगार धरलं होतं. हट्ट माझा होता. तिला भरवताना मला तिच्या डोळ्यांकडे बघवत नसे.

दीड महिन्याने कपाट आवरताना ती वही हाती लागली. मी आतून पेटलो. इतकी वर्षं नाव लिहून घेतलंस आणि हे दिलंस? शेजारणीला तिच्यापाशी बसवून भर दुपारी गंगाघाट गाठला. वही भिरकावणार, तोच निर्माल्य गोळा करणाऱ्या एका बाईने माझं मनगट धरलं. महापालिकेचं जाकीट, डोक्याला फडकं, हातात जाळी.

“थांबा बाबा. पाण्यात काय टाकू नका.” तिने वही घेऊन चाळली. “ही तर अपुरी हाय. अपुरी वही कोणी गंगेला देतं व्हय? आन् हे कडेला काय लिव्हलंय? वाचा बरं, मला नीट लागत नाय.”

मी चिडूनच वाचायला लागलो. “दहा वीस. दात विचारणारे डॉक्टर बाहेर गेले, हातात गाडीची किल्ली. दहा चाळीस. सिस्टर पळत बाहेर, फोनवर ‘सर, लवकर या’. अकरा पाच. तेच डॉक्टर धावत आत.”

“दात इचारणारा कोण?” तिने विचारलं.

“भूल देणारा,” मी म्हणालो. पायरीवर बसून त्या तीन नोंदी पुन्हा वाचल्या. पेशंट टेबलावर ठेवून तो माणूस गाडी घेऊन गेला होता, आणि ते माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीने लिहिलेलं होतं. साऱ्या जगाचे कागद तपासणाऱ्याने स्वतःचं पान एकदाही वाचलं नव्हतं.

बाईने शेजारी बसून सगळं ऐकून घेतलं. “माझा मालक असाच गेला, पण माझ्याकडं एक चिठ्ठी नव्हती. तुमच्याकडं हाय. कोर्टात जा. बाईमाणसाला तिथं फुकट वकील देतात. तुमच्या मंडळींच्या नावानं मागा.”

दुसऱ्याच दिवशी कोर्टात जाऊन पत्नीच्या नावाने वकील मागितला. वकीलबाई स्पष्ट बोलल्या, “काका, वहीने केस जिंकत नाही. पण कुठला कागद मागायचा ते वहीने सांगितलं.” ग्राहक आयोगात तक्रार झाली, आयोगाने कागद मागवले. त्यात दुसऱ्या एका रुग्णालयाचा कागद होता. त्याच दिवशी, दहा पस्तीसला, तिथे दुसऱ्या पेशंटला भूल दिल्याची त्याच डॉक्टरांची सही. मी ती सही कितीतरी वेळ बघत राहिलो. अंगावर काटा आला आणि नंतर रडू आलं, कारण माझ्या छातीवरचा दगड हलला होता.

पेढे घेऊन घाटावर गेलो. ती बाई तिथेच होती. तिला काही आठवेना. “कोणती वही? रोज धा जणांना आडवते मी,” म्हणाली, पेढा तोंडात टाकला आणि जाळी घेऊन खाली उतरली. मी तिच्या पाठीला नमस्कार केला.

निकाल लागायचा आहे. काय लागेल ते त्या वरच्याकडे सोपवलंय. मी तारखेला हजर राहतो. खरी वही वकीलबाईंकडे आहे, म्हणून नवी आणली. पत्नीच्या डाव्या हातात पेन देऊन रोज तिच्यापाशी बसतो. परवा तिने पहिल्या चौकोनात एक रेघ ओढली, वाकडी, चौकोनाबाहेर गेलेली. मग मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. या खेपेला मीही नजर चुकवली नाही. समासात वेळ लिहिली, आठ दहा, आणि सही केली.