काकांच्या विहिरीतलं घुबड आणि एक फोटो

मंडळी, आज माझी मस्करी तीन पिल्लांच्या जिवावर बेतली होती.

धानोऱ्यात काकांच्या वावरात पायऱ्यांची जुनी विहीर आहे. तिच्या भिंतीत घुबडाचं घरटं. परवा तिथं लपून मी घुबडासारखा ओरडलो आणि काकांना पळवलं. लय हसलो.

आज सकाळी काका सिमेंट घेऊन निघाले. "अपशकुनी पाखरू शे, भोकच बुजी टाकसू!"

आत पिल्लं होती! मी कबूल केलं, "काका, तो आवाज मन्हा व्हता."

"घुबडनी बाजू घेस का, माकडा?"

मग सुनीलदादाला फोन केला. तो पक्ष्यांचे फोटो काढतो, महिनाभर त्याच विहिरीवर बसतोय. तो धावत आला आणि काकांपुढं कॅमेरा धरला. फोटोत घुबडाच्या चोचीत लठ्ठ उंदीर, समोर तीन उघड्या चोची.

काका बघतच राहिले. "हाऊ तं मन्हा वावरना उंदीर शे रे!"

"रोज रात्री नेतं, काका. तुमचा ऊस तेच राखतंय," सुनीलदादा म्हणाला.

काकांनी सिमेंट परत नेलं.

माझ्या तोंडचं खरं कोणी ऐकलं नाही, त्या फोटोचं ऐकलं. तुमच्याकडे कोणतं पाखरू असं उगाच बदनाम आहे? त्याला कामावर असताना कोणी बघितलंय का?