मी हाक मारली तरी

धावड्याच्या द्वारकाबाईनं जन्मात एकच गोष्ट मनाशी पक्की केली होती. कडूबाची गोष्ट आपल्यापाशी संपवायची. मुलाला, धर्मराजला, तिनं ती सांगितली नाही. सुनेला, कांताला नाही. नात शिवकन्या तर पाच वर्षांची. तिच्या कानावर त्यातलं अक्षरही पडू द्यायचं नव्हतं.

कडूबा तिचा थोरला भाऊ, ती जन्मायच्या आधीच गेलेला. निजामाचं राज्य मोडत होतं, रझाकारांचा धुमाकूळ चालला होता. परतूरकडच्या तिच्या माहेरी घोड्यांची धूळ दिसली की लोक पोरं लपवायचे. आईनं, गोपिकाबाईनं, कडूबाला ज्वारीच्या पेवात उतरवलं. जमिनीखालचं ते खोल कोठार उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं, कंदील सोडून बघायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा, हे घरातल्या लहानथोरांना ठाऊक. साठवलेलं धान्य श्वास घेतं आणि वाईट हवा तळाशी साचते. गोपिकाबाईलाही ते ठाऊक होतं, पण धूळ वेशीपर्यंत आली होती. तिनं पोराला बजावलं, कुणीबी हाक मारली तरी ओ देऊ नको, म्या मारली तरी नको. वर दगड सरकवला.

मध्येच न राहवून तिनं दगडाला तोंड लावून हाक मारली. आतून चकार शब्द नाही. पोरगा शब्दाचा किती पक्का, म्हणून तिला बरं वाटलं.

हे सगळं द्वारकाबाईला तिच्या लग्नात आत्यानं सांगितलं. आई कडूबाचं नावसुद्धा घेत नसे. पण आत्या सांगत होती तेव्हा द्वारकाबाईला त्यातलं काहीच नवं वाटलं नाही. ज्वारीचा उबट वास, ओठांना चिकटलेली माती, वरून दबक्या आवाजात येणारी आईची हाक, हे तर तिला पहिल्यापासून आठवत होतं. तेही पेवाच्या आतून. कुठून आठवतं, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नाही. विचारायचं भ्यावच वाटे.

शहाण्णव सालचा वैशाख होता. गहू उन्हात टाकलेला. जेवणं आटोपून सगळे आडवे झाले. द्वारकाबाईला जाग आली तेव्हा शेजारी शिवकन्या नव्हती.

कांता दारात उभी राहून हाका मारत होती. शेजारची मालनबाई कुडापलीकडून म्हणाली, "कशाला बोंबलून राह्यली गं? भूक लागली की येतीच तुझी मैना."

"न्हाई वं मावशी, एवढ्या उन्हात कुठं जाईल?"

धर्मराज विहिरीकडं पळाला. अंगणात पिवळंधमक ऊन, गव्हावर एक चिमणीही नाही. कांता परत आत आली, तिचा घसा बसला होता. "आत्याबाई, किती हाका मारल्या! ओच देईना पोरगी."

द्वारकाबाई ताडकन उठून आत धावली. गहू काढून रिकामी झालेली पत्र्याची कोठी मागच्या खोलीत होती. झाकण लागलेलं. तिनं हाक मारली नाही. दोन्ही हातांनी झाकण उचकटलं.

शिवकन्या तळाशी उकिडवी बसली होती, घामानं निथळलेली, ओठांवर भुश्शाची धूळ, तळहात तोंडावर गच्च दाबलेला. आजीला पाहूनही तिनं हात काढला नाही. बाहेर उचलल्यावर मग धापा टाकायला लागली.

कांतानं तिला छातीशी धरलं आणि तसाच एक धपाटा घातला. "मेले, ओ का देईनास?"

"आजीच म्हन्ती. हाक मारली तरी ओ देऊ नको, म्या मारली तरी नको."

"मी? मी कवा म्हन्लं?" द्वारकाबाई म्हणाली.

"दुपारी. डोळे मिटून. रोज म्हन्तीस की. मला कडू म्हन्तीस."

लहानपणी शेतात आंब्याच्या सावलीला आईच्या कुशीत आपण दुपारचं झोपायचो, ते द्वारकाबाईला आठवलं. आई जागेपणी कडूबाचं काही बोलत नसे. एवढंच आठवलं आणि बाकीचं आपोआप कळलं.

धर्मराज आला. "आई, कडू कोन?"

मग तिनं ओसरीवर बसून, नातीला मांडीवर घेऊन, सगळं सांगितलं. दगड बाजूला केल्यावर काय दिसलं तेही. झोपेत ती तिथवर कधी पोचलीच नव्हती. शिवकन्यानं डोळे मोठे करून ऐकलं.

"मंग तो बोललाच न्हाई?"

"त्याला तवा येत न्हवतं बोलता. तुला येतं. हाक आली की ओ द्यायची, बराबर?"

पक्कं व्हावं म्हणून द्वारकाबाईनं तिला आत पाठवलं आणि बाहेरून हाक मारली. "शिवे!"

"ओ!" पोरगी खणखणीत ओरडली. पुन्हा हाक, पुन्हा ओ. कांता हसायला लागली, धर्मराजही हसला.

"आता आजी आत!" म्हणत शिवकन्यानं तिला ढकललं. द्वारकाबाई खोलीत जाऊन उभी राहिली.

"आजी!"

तिनं तोंड उघडलं. आवाज फुटेना. बाहेरून पोरगी हसत हसत आणखी एकदा ओरडली. मग हसणं थांबवून ओरडली.