सर्वे तो सर्वे

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोऱ्याला, माझ्या सासरी, कोळंबी सोलत बसले होते. "ताई, हे गेले," एवढंच वहिनी म्हणाली. तशाच वास मारणाऱ्या हातांनी मी पनवेल गाठलं. बिल्डिंगखाली दादाच्या ऑफिसातले चार-सहा जण उभे होते. गावाकडचं काळं कुत्रंही नव्हतं. उलव्याजवळ आमचं गाव. मर्तिकाला अख्खी आळी लोटते अशी आमची रीत. आणि माझ्या भावाला खांदा दिला परक्यांनी! दीड महिना झाला, राग काही उतरत नाही...

याला कारण एक शब्द. सर्वे.

दादाची नोकरी युरेनियम शोधायची. छोटं विमान जमिनीला घासेल की काय इतकं खाली, आखल्यासारखं सरळ न्यायचं. त्यात स्फटिकांची एक पेटी. दगडातून आपसूक जे किरण निघतात ते ती पेटी टिपते. जिथे जास्त येतात तिथे मग माणसं पायी जाऊन खोदून बघतात. कधी राजस्थान, कधी मेघालय. तापलेल्या हवेचे धक्के बसून पोटातलं सगळं ओठाशी यायचं म्हणे. घरी आला की दोन-तीन दिवस नुसती पेज प्यायचा. आणि कोणी कामाचं विचारलं तर हसून सांगायचा, "विमानातून सर्वे करतो." तिथेच घात झाला.

कारण आमच्या पट्ट्यात सर्वे म्हणजे जमीन जाणार. आधी खुंट्या, मग नोटीस. विमानतळाच्या नोटिसा आल्या आणि आमचा चुलतभाऊ बबन देवळासमोर सगळ्यांदेखत ओरडला, "हरेशनीच विमानातशी मोजली आमची जमीन!" दादानं जीव तोडून समजावलं, "अरे, आपला हा काळा कातळ. याच्यात युरेनियम नावालाच. इथे कशाला कोण माझं विमान फिरवील?"

"सर्वे तो सर्वे," बबन म्हणाला. झालं! दादाचं गाव तुटलं. अहो, आमच्या बाबांची शेतंही त्याच नोटिशीत गेली. स्वतःच्या बापाच्या तोंडचा घास काढील का कोणी? एवढी अक्कल कुणालाच नव्हती? होती की. पण ज्यांनी खुंट्या मारल्या त्यांना जाब विचारायची छाती नव्हती, म्हणून घरचा माणूस धरला.

दादा मात्र जत्रा चुकवायचा नाही. लांब उभा राहून पालखीला हात जोडायचा आणि कुणाशी न बोलता परत यायचा. मी भांडायचे, "कशाला जातोस तिथे नाक घासायला?" तर म्हणायचा, "देवानं कुठे बोलणं टाकलंय?" त्याच्या या सोसण्याचाही मला राग यायचा. अजून येतो.

आणि परवा गावच्या नाक्यावर बघते तर फ्लेक्स! दादाचा हसरा फोटो, खाली बबनसकट सगळ्यांची मुंडकी, आणि मजकूर काय, तर 'विमानतळासाठी आकाशातून सर्वे करणारे गावचे सुपुत्र'. आता विमानं उडतात, उरल्यासुरल्या जागेला भाव आलाय, तेव्हा तीच थाप मानाची झाली. माझं डोकंच फिरलं. मासळीवालीचा कोयता उचलला आणि फ्लेक्सच्या दोऱ्या सपासप कापल्या. बबन धावत आला.

"ताई, काय करतंस? मान हाय तो!"

"तवा खोटा बोललास, आता पन खोटाच? लिवायचा तर खरा लिव. आमी खोटा बोललो म्हणून लिव!"

"असा कोन लिवतंय फ्लेक्सवर?"

नाही ना लिहीत कोणी? म्हणून मी इथे, पेपरात, लिहिते आहे. दादाच्या खोलीत, त्याच्याच खुर्चीत बसून. खुर्चीची पाठ खिडकीकडे आहे, कारण खिडकीतून उडणारी विमानं दिसतात. उभी हयात विमानात काढलेला माणूस शेवटी-शेवटी तिकडे बघेनासा झाला होता... वहिनी अजून ती खुर्ची कुणाला फिरवू देत नाही.

माझ्या भावानं, हरेशनं, गावची एक वीतही जमीन कधी मोजली नाही. बबन, हा पेपर तुझ्याही घरी येतो. तेव्हा ओरडला होतास ना, तेवढ्याच मोठ्यानं हे वाच.