संध्याकाळी जाणारी पत्रं

ऑफिसात त्यांना थंडेराव म्हणत, अगदी तोंडावरही म्हणत, कारण हा माणूस चिडणार नाही याची सगळ्यांना खात्री. कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत तक्रारींना उत्तरं द्यायचं त्यांचं काम. लोक काय वाटेल ते लिहीत. शर्ट फाटला म्हणून एकाने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. संध्याकाळी त्याला थंडेरावांचं उत्तर गेलं ते इतकं गोड, की त्याने सासूसाठी दुसरं यंत्र घेतलं. डोक्यावर बर्फ आणि जिभेवर साखर, असा माणूस शोधून सापडायचा नाही, असं मॅनेजर नव्या लोकांना सांगत.

आता खरं सांगायचं तर थंडेराव आतून निखारा होते. मेलच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये जोडणी तोडायचं एक बटण होतं. सकाळी आल्याआल्या ते दाबायचं आणि मनात येईल ते लिहायचं. 'तुमच्यासारख्याने कपडे घालूच नयेत' इथपर्यंत मजल जाई. 'पाठवा' म्हटलं तरी पत्र जायचं नाही, बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या खणात पडून राहायचं. दुपारचा चहा झाला, राग निवला, की एकेक उघडून त्यात साखर घालायची आणि मग जोडणी सुरू करायची. शांत स्वभाव, शांत स्वभाव म्हणतात तो एवढाच.

मग प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. सगळ्यांना द्यायच्या आधी कुणीतरी ती वापरून बघायची होती. बिघडलं तरी आरडाओरडा करणार नाही असा माणूस हवा होता, म्हणजे दुसरं कोण?

"पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकांवर प्रयोग नको," संगणक विभागातल्या बाई म्हणाल्या. "घरच्या कुणाला तरी एखादा मेल करून बघा. काही अडलं तर विचारा."

अडलं ते तिथल्या तिथेच. जोडणी तोडायचं बटण कुठे दिसेना. पण विचारणार कसं? 'ते कशाला हवंय तुम्हाला' असं बाईंनी विचारलं असतं तर सारं पितळ उघडं पडलं असतं. थंडेराव स्वतःच शोधू लागले. वरच्या कोपऱ्यात चंद्रकोरीचं बारीकसं चित्र होतं. चंद्र म्हणजे रात्र, रात्र म्हणजे झोप. त्यांनी ते दाबलं. पांढरा पडदा काळा झाला. निजला बुवा एकदाचा, असं म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या.

मेल कुणाला करायचा हा प्रश्नच नव्हता. ताईचं पत्र कधीचं उत्तराची वाट बघत होतं. आई गेल्यावर जिने त्यांना न्हाऊमाखू घातलं, बोट धरून शाळेत पोचवलं, ती ही थोरली बहीण. आता निवृत्त झाली होती, आणि 'खोली सोडते, कायमची तुमच्याकडे येते' असं तिने कळवलं होतं. थंडेरावांचं घर दोन खोल्यांचं. ताईवर त्यांचा जीव होता, तो काही खोटा नव्हता. पण ताई आली की फळीवरचे डबे जागा बदलत, आणि बायको मीठ शोधत फिरे.

"काय ते एकदा स्पष्ट कळवा," बायको सकाळीच म्हणाली होती. "भीड भिकेची बहीण असते."

थंडेरावांनी मन मोकळं केलं. 'ताई, तू आलीस की या घरात आम्हीच पाहुणे होतो. मी घातलेली टॉवेलची घडी तू मोडतेस आणि तुझी घालतेस. मी किती जेवलो ते माझ्यादेखत माझ्या बायकोला सांगतेस. माझे केस पांढरे झाले गं. चार दिवस ये, पण राहायला येऊ नकोस.' शेवटचं वाक्य लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, पण लिहिलं. 'पाठवा' दाबलं आणि दुपारपर्यंत शीळ घालत बसले. संध्याकाळी हे सगळं पुसून 'जरूर ये, वाट बघतो' लिहायचं होतं, नेहमीसारखं.

चहा झाला. खण उघडला तर रिकामा. त्यांनी बाईंना बोलावलं.

"सकाळीच गेला की तो," बाई म्हणाल्या.

"पण मी चंद्र दाबला होता."

"त्याने नुसता पडदा काळा होतो. डोळ्यांना बरं असतं."

थंडेरावांच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यात ताईला एक वाकडा शब्द लिहिला नव्हता, आणि लिहिला तो हा. आता ती पुन्हा या घराची पायरी चढायची नाही, या विचाराने त्यांना रडू फुटायचं बाकी होतं. फोन लावायला हात गेला, पण बोलणार काय? तेवढ्यात ताईचं उत्तर येऊन पडलं.

'पत्र वाचलं. आधी रडले, मग बांधलेलं सामान सोडायला घेतलं. वर्षानुवर्षं तू एकच लिहीत आलास, "ताई, तुझ्याशिवाय घर सुनं वाटतं, कायमची ये." मला वाटलं, पोराचं माझ्यावाचून अडतंय. इथे शेजारी मैत्रीण आहे, खिडकीत ऊन येतं, मला कशाला हलायचं होतं? तुझ्यासाठी निघाले होते. टॉवेलचं आधी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?'

थंडेरावांचा जीव भांड्यात पडला. आता घरी जाऊन बायकोला सांगायचं आणि निवांत जेवायचं. पण खुर्चीतून उठता उठता त्यांना राग आला. म्हणजे हिला यायचंच नव्हतं? एका शब्दावर सामान सोडायला घेतलं, थोडा तरी हट्ट करायचा. ते पुन्हा बसले आणि लिहिलं, 'यायचं नव्हतं तर इतकी वर्षं येते येते का म्हणत होतीस? मला वाईट वाटलं. रविवारी तिकडे येतो, मग भांडू.' जोडणी तोडायच्या जुन्या सवयीने बोट चंद्राकडे गेलं आणि तिथून परतलं. त्यांनी 'पाठवा' दाबलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल दिला. नवी आवृत्ती उत्तम आहे, घरोघरी वापरावी, तक्रार विभागाला मात्र देऊ नये.